दालन, पदपथ आणि मुखपृष्ठ

चित्र काढणे आणि चित्र दाखवणे हे दोन स्वतंत्र उद्योग आहेत. पहिल्याला कागद, रंग आणि एकांत पुरतो. दुसऱ्याला जागा लागते, आणि ती जागा सहसा दुसऱ्याच्या मालकीची असते. महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या चित्रकारांनी गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत आपले काम लोकांपुढे मांडले ते संस्थांच्या वार्षिक प्रदर्शनांत, भाड्याच्या दालनांत, पदपथावर, नाटकाच्या पडद्यावर, संस्थानिकांच्या संग्रहालयांत आणि छापील कागदावर. कोणते चित्र काढले जाईल हे पुष्कळदा ते कुठे लागणार आहे यावरूनच ठरत आले आहे. कलेच्या इतिहासात शैलींची चर्चा भरपूर होते, जागांची मात्र फारशी होत नाही.

भिंतीची गरजच नसलेला एक प्रकार कोकणात आधीपासून होता. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी सादर करतात. एका कथेच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे एक पोथी. रामायण-महाभारतातला प्रसंग गात गात एकेक चित्र प्रेक्षकांसमोर उभे धरायचे, प्रसंग संपला की ते ठेवून पुढचे घ्यायचे. साथीला वीणा, हुडूक आणि टाळ. सावंतवाडी संस्थानाचा या कलेला आश्रय होता. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशीच कथा सांगण्यासाठी काढलेली पैठण शैलीची चित्रे पाहायला मिळतात, परंतु काचेमागे ती मुकी होतात, कारण ती निवांत न्याहाळण्यासाठी काढलेलीच नव्हती. ठळक बाह्यरेषा, बाजूने दिसणारे चेहरे, मोठे डोळे हे सारे मंद उजेडात, मागच्या रांगेतल्या माणसालाही कळावे म्हणून आहे. पिंगुळीतल्या परशुराम गंगावणे यांनी घराच्या गोठ्यात संग्रहालय उभारून ही परंपरा टिकवली. त्यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

चौकटीत बसवलेले, भिंतीवर टांगलेले आणि खाली नावाची पट्टी असलेले चित्र मुंबईत आले ते इंग्रजी शिक्षणाच्या मागोमाग. सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा 1857 मध्ये सुरू झाली आणि तिच्यातून बाहेर पडणाऱ्यांना व्यासपीठ मिळाले ते 1888 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात. सोसायटीवर सुरुवातीला इंग्रजांचा वरचष्मा होता. हौशी साहेब-मडमांची जलरंगातली निसर्गचित्रे आणि हिंदी विद्यार्थ्यांचे काम एकाच छताखाली लागे. मूळचे कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर यांना 1895 मध्ये येथे सुवर्णपदक मिळाले. गणपतराव म्हात्रे यांच्या ‘मंदिराकडे’ या शिल्पाचा बोलबाला झाला तो पुढच्याच वर्षी. पदकाचे महत्त्व केवळ मानाचे नव्हते. पदक मिळाले की संस्थानिकांकडून आणि धनिकांकडून व्यक्तिचित्रांची कामे येत आणि चित्रकाराच्या घरातली चूल त्यावर चाले. त्यामुळे पदक देणाऱ्यांना काय आवडते याकडे लक्ष ठेवणे ओघानेच आले. शरीररचनेचा काटेकोर अभ्यास, वस्त्राच्या चुण्या, एका बाजूने येणारा प्रकाश ही त्या काळच्या मराठी चित्रकलेची ओळख घडण्यात शिक्षणाइतकाच परीक्षक मंडळाचाही हात होता.

या एकाच दारावर अवलंबून राहायचे नाही म्हणून 1918 मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी एक सावळाराम लक्ष्मण हळदणकर, मूळचे सावंतवाडीचे आणि जलरंगांवर विलक्षण हुकमत असलेले. दिवाळीत हातात दिवा घेऊन उभ्या असलेल्या आपल्या मुलीवरून त्यांनी काढलेले जलरंगातले चित्र आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. बोटांच्या फटींतून पाझरणारा उजेड पाहायला तिथे गर्दी होते आणि त्या गर्दीतले कित्येक जण ते राजा रविवर्म्याचे समजून परततात. चित्र प्रसिद्ध होणे आणि चित्रकार प्रसिद्ध होणे यांत केवढे अंतर असू शकते, ते या एका उदाहरणावरून दिसते.

मुंबईबाहेर परिस्थिती निराळी होती. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी आबालाल रहिमान चित्रकार होते. ते कलाशाळेत शिकलेले, पण प्रदर्शनाच्या वाटेला फारसे न गेलेले. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा परिसर त्यांनी निरनिराळ्या वेळच्या प्रकाशात पुन्हा पुन्हा रंगवला. ही चित्रे बघायला एक राजा होता, आणि तेवढे त्यांना पुरेसे होते. शाहू महाराजांचे 1922 मध्ये निधन झाल्यावर आबालालांनी आपली पुष्कळ चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, अशी हकिकत कोल्हापुरात आजही सांगितली जाते. तिच्यात आख्यायिकेचा भाग किती हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी एकाच रसिकावर उभी असलेली व्यवस्था त्या रसिकाबरोबरच संपते, एवढे तिच्यातून नक्की कळते.

त्याच गावात आनंदराव आणि बाबुराव पेंटर या आते-मामेभावांनी चित्रासाठी फार मोठी जागा शोधली: नाटकाचा पडदा. संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळात राजवाडा, उपवन, रस्ता, देवालय असे पडदे रंगवून घेण्यात नाटक कंपन्यांची चढाओढ असे आणि पडदा वर-खाली होताना त्यालाही टाळ्या पडत. पु. श्री. काळे यांनी ललितकलादर्शसाठी रंगवलेले पडदे असेच गाजले. पन्नास-शंभर लोकांच्या दालनातल्या प्रदर्शनापेक्षा हे प्रेक्षक कितीतरी अधिक, आणि तेही तिकीट काढून आलेले. बाबुराव पुढे चित्रपटाकडे वळले. ‘सैरंध्री’ 1920 मध्ये आला. चित्रपटांच्या जाहिरातीसाठी त्यांनी हाताने रंगवलेली भित्तिपत्रके हे कोल्हापुरातल्या चित्रकारांचे पुढचे प्रदर्शन म्हणता येईल, रस्त्यावरचे आणि फुकट. पडदे विरले, भित्तिपत्रके पावसात गेली. कोल्हापूरच्या चित्रपरंपरेबद्दल अभिमानाने बोलले जाते तेव्हा तिचा मोठा भाग आता फक्त वर्णनातच उरला आहे, ही गोष्ट सहसा राहून जाते.

टिकले ते औंधला. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी यमाईच्या डोंगरावर खास इमारत बांधून 1938 मध्ये श्री भवानी संग्रहालय उभारले. रविवर्मा, धुरंधर आणि इतर समकालीन हिंदी चित्रकारांच्या कामाबरोबर युरोपीय चित्रांच्या प्रतिकृती आणि हेन्री मूर यांचे ‘माता आणि बालक’ हे मूळ शिल्पही तिथे आहे. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यात हेन्री मूर हे ऐकायला नवलाचे वाटते, पण खरे नवल प्रेक्षकांत आहे. यमाईच्या दर्शनाला आलेली कुटुंबे देवळातून निघून संग्रहालयात शिरतात. चपला काढाव्यात की नाही असा संभ्रम दारात दिसतो. दागिने घातलेल्या स्त्रियांच्या तैलचित्रांपुढे बायका थांबतात आणि नथीचा प्रकार ओळखतात. चित्र पाहण्याची ही रीत कोणत्याही कलासमीक्षकाने शिकवलेली नाही, आणि तिला कमी लेखण्याचे कारणही नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मुंबईत नव्या चित्रकारांची पिढी उभी राहिली. गोव्यातल्या साळगावात जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या पुढाकाराने 1947 मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला; रझा, आरा, हुसेन, हरी अंबादास गाडे आणि सदानंद बाकरे हे त्याचे अन्य सदस्य. त्यांचे प्रदर्शन 1949 मध्ये भरले. या गटाबद्दल इतके लिहिले गेले आहे की त्यात भर घालण्याची गरज नाही. मात्र तेव्हा मुंबईत चित्रकारांना हक्काने मिळेल असे एकही मोठे सार्वजनिक दालन नव्हते, हे त्या साऱ्या लेखनाच्या कडेला पडलेले असते. ती उणीव सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून भरून निघाली. होमी भाभा आणि के. के. हेब्बर यांनी त्यासाठी आग्रह धरला होता. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते 1952 च्या जानेवारीत जहांगीर कलादालनाचे उद्घाटन झाले.

काळा घोडा परिसरातल्या या वास्तूने मराठी चित्रकाराच्या आयुष्यात पंढरीची जागा घेतली. चित्रकाराने अर्ज करायचा, कामाचे नमुने जोडायचे, निवड समितीने मान्य केल्यावर वाट पाहायची. ही प्रतीक्षा वर्षांनी मोजली जाते. कलामहाविद्यालयातून बाहेर पडताना अर्ज केलेल्याचा नंबर येतो तेव्हा तो स्वतः कुठेतरी कलाशिक्षक होऊन स्थिरावलेला असतो. दालन मिळते ते एका आठवड्यासाठी. कोल्हापूर, सांगली, नाशिक किंवा अमरावतीहून येणारा चित्रकार चौकटी गावातच करून घेतो, कारण मुंबईत त्या परवडत नाहीत. मग चित्रे समोरासमोर तोंड करून, मध्ये थर्माकोल किंवा जुन्या चादरी घालून टेम्पोत भरायची. आधीचे प्रदर्शन उतरल्यावर हाताशी वेळ थोडा असतो. चित्रे आधी भिंतीच्या पायथ्याशी टेकवून क्रम लावायचा, दोन गडद चित्रे शेजारी आली तर एक हलवायचे, मग नायलॉनच्या दोरीने टांगून पातळी पाहायची. मोठे चित्र समोरच्या भिंतीवर, विकले जाईल असे वाटणारे छोटे चित्र दाराजवळ, हा हिशेब कुणी शिकवत नाही. चित्र विकले गेले की नावाच्या पट्टीवर लाल टिकली लागते. काही प्रदर्शनांत पहिल्याच दिवशी एखादी टिकली दिसते ती नातलगाच्या कृपेने, आणि हे सगळ्यांना ठाऊक असते.

आठवडाभर चित्रकार टेबलामागे बसतो. पुढ्यात अभिप्रायाची वही, माहितीपत्रकांचा गठ्ठा आणि पाण्याची बाटली. येणाऱ्यांत सहकारी चित्रकार असतात, कलाशाळेचे विद्यार्थी असतात, ऊन चुकवायला आत शिरलेले पर्यटक असतात. संग्राहक क्वचित, आणि तो आलेला सहसा कळत नाही, कारण तो वहीत लिहीत नाही. दालनाचे भाडे, चौकटी, वाहतूक, मुंबईतला मुक्काम, छपाई यांचा खर्च चित्रकाराचा असतो. विक्री झाली नाही तर तो सगळा अंगावर येतो. तरीही ‘जहांगीरला प्रदर्शन झाले’ एवढ्या वाक्याने गावाकडे मिळणारा मान या खर्चात धरला जातो. यात भाबडेपणा आहे, पण व्यवहारही आहे: त्यानंतर शिकवणीला मुले अधिक येतात आणि संस्था परीक्षक म्हणून बोलावू लागतात. कला संचालनालयाच्या राज्य कला प्रदर्शनात एखादे चित्र निवडले जाणे ही दुसरी, कमी खर्चाची वाट. तिथे विद्यार्थी आणि व्यावसायिक कलाकार असे वेगळे विभाग असतात. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराचे कलादालन, कोल्हापुरात दसरा चौकातले शाहू स्मारक भवन अशा जागा आपापल्या शहराची गरज भागवतात. नाटकाला आलेला प्रेक्षक मध्यंतरात वर जाऊन चित्रे पाहून येतो, ही बालगंधर्वची सोय एखाद्या नामांकित दालनालाही नाही.

जहांगीरच्या दाराबाहेरच आणखी एक प्रदर्शन बारा महिने चालू असते. पदपथावरच्या भिंतीला आणि कठड्याला टेकवलेली, दोरीवर चिमट्यांनी लावलेली चित्रे आणि शेजारी घडीच्या स्टुलावर बसलेले चित्रकार. निवड समिती नाही, प्रतीक्षा नाही. पाऊस आला की प्लास्टिक ओढायचे. इथल्या चित्राचा आकार बॅगेत मावेल इतका, विषय ओळखता येईल असा: गणपती, मुंबईचा पाऊस, टॅक्सी, व्हिक्टोरिया, घाट. कुणी समोर बसवून पेन्सिलीने व्यक्तिचित्र काढून देतो आणि भोवती जमलेले लोक साम्य जमते की नाही यावर बिनदिक्कत मत देतात. आतल्या दालनात एवढी उघड टीका ऐकायला मिळत नाही. काळा घोडा कला महोत्सव 1999 पासून भरू लागल्यावर या रस्त्यावरची गर्दी वाढली. तिचे लक्ष अर्थात मोठ्या मांडणीशिल्पांपुढे छायाचित्र काढून घेण्याकडे अधिक असते.

जहांगीरच्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर केकू आणि खुर्शीद गांधी यांची केमोल्ड गॅलरी 1963 पासून अनेक वर्षे होती. तिथे 1970 च्या दशकाच्या मध्यावर डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावच्या जिव्या सोमा मशे यांची चित्रे लागली. वारली चित्र मुळात लग्नघरातले. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. त्यात पालघट देवी असे. लग्न झाले की चित्राचे काम संपले, ते जपायचे काही कारण नव्हते. चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर फिरले, त्यांनी कागद आणि रंग दिले, आणि मशे लग्नाच्या निमित्तावाचून चित्र काढू लागले. कागदावर चौकाची बांधील चौकट सुटली. शेत, मासेमारीचे जाळे, तारपा वाजवणाऱ्याभोवतीचे नाचाचे वेटोळे, मुंग्यांची रांग असे काहीही त्यात येऊ लागले. मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. भिंतीवरून कागदावर येताना एक बदल मात्र मुकाट्याने झाला: भिंत बायकांची होती, कागद प्रामुख्याने पुरुषांच्या हाती गेला. दालनात ज्यांची नावे लागली ती बहुतेक पुरुषांची आहेत.

गोव्यातल्या चित्रकारांना घर सोडून मुंबई गाठावी लागे. आंतोनियो शावियेर त्रिंदाद मुंबईच्या कलाशाळेत शिकले आणि तिथेच त्यांनी नाव कमावले. त्यांच्या चित्रांचा संग्रह आता पणजीत फोंताइन्यास वस्तीतल्या फुंदासांव ओरिएंतमध्ये पाहता येतो. आंजेलो द फोन्सेका यांनी ख्रिस्ती विषय हिंदी वेशात रंगवले, मारियेला साडी नेसवली, आणि त्यासाठी गोव्यापेक्षा पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाचा आसरा त्यांना अधिक मानवला. त्यांचे काम पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राने जपले आहे. लोटलीच्या मारिओ मिरांडा यांची गोष्ट उलटी: ते वर्तमानपत्रांतून घरोघर पोहोचले आणि मग भिंतींवर आले. कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर त्यांची माणसे गर्दी करून बसली आहेत, आणि पणजीच्या कला अकादमीच्या नाट्यगृहात खऱ्या प्रेक्षकांशेजारी त्यांचे चितारलेले प्रेक्षकही असत.

परंतु दालने, संग्रहालये आणि पदपथ यांची सारी बेरीज केली तरी मराठी घरात चित्र आले ते छापील कागदावरूनच. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1878 मध्ये पुण्यात काढलेल्या चित्रशाळा छापखान्याने आणि 1894 मध्ये गिरगावात सुरू झालेल्या रविवर्म्याच्या शिळाछापखान्याने देवदेवतांची चित्रे देवघरात नेली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने 1909 मध्ये दिवाळी अंक काढला आणि वर्षातून एकदा चित्रकाराला हजारो घरांत नेणारी वाट तयार झाली. ही वाट रुंद केली ती मूळच्या गोव्याच्या दोन चित्रकारांनी. दीनानाथ दलालांनी 1945 पासून ‘दीपावली’ हा अंकच स्वतः काढला. त्यातली रंगीत चित्रे लोक कापून चौकटीत बसवत. रघुवीर मुळगावकरांच्या देवता आणि सुंदर स्त्रिया कॅलेंडरांवरून स्वयंपाकघरापर्यंत गेल्या. दलालांची रेषा लवचिक, रंग सपाट आणि धीट; मुळगावकरांच्या चित्रांतली त्वचा मऊ, फवाऱ्याने साधलेल्या छटांची. समीक्षकांनी दोघांनाही गोडव्याबद्दल बोल लावले. त्या बोलात तथ्य होते, पण तो गोडवा कुठल्या तांत्रिक चौकटीत जन्मला याकडे त्यांनी पाहिले नाही.

मुखपृष्ठ विक्रेत्याच्या दोरीला चिमट्याने लटकणार, त्यामुळे चार पावलांवरून दिसेल असा एक मोठा चेहरा हवा. वरचा भाग अंकाच्या नावासाठी मोकळा सोडायचा, म्हणून मान किंचित झुकलेली किंवा वेणीतला गजरा खाली ओढलेला. रंगीत चित्राचे तीन-चार हाफटोन ठोकळे करून एकावर एक छापत. पिवळा, लाल, निळा आणि गरजेप्रमाणे काळा. एक ठोकळा सुताभर सरकला तरी ओठांचा रंग हनुवटीवर उतरे. म्हणून अनुभवी चित्रकार महत्त्वाच्या कडांना गडद रेषेचा आधार देत, चूक त्या रेषेत लपे. आतले पान साध्या, खरबरीत कागदाचे. त्यावर हाफटोनचे बारीक ठिपके बुजत. तिथे कथाचित्र निव्वळ काळ्या शाईत, ब्रशच्या रेषेने काढायचे, त्याचा जस्ताच्या पत्र्यावर लाइन ब्लॉक होई. मराठी कथाचित्रांतली ती वाहती, जाड-बारीक होणारी रेषा शैलीचा भाग होतीच, पण स्वस्त कागदावर तग धरणारी ती एकमेव रेषाही होती.

व्यंगचित्रकारांनी या पानाचा सर्वांत चतुर वापर केला. शि. द. फडणीस यांच्या ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठावर, 1950 च्या दशकाच्या आरंभी, शेजारी उभ्या तरुणाच्या शर्टावर मांजरे आणि तरुणीच्या साडीवर उंदीर होते; शब्द एकही नाही. वसंत सरवटे यांनी ‘ललित’च्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे वर्षानुवर्षे केली आणि साहित्यातल्या मंडळींना हसतखेळत टपल्या मारल्या. ‘आवाज’ची खिडकीचित्रे तर कागद कापूनच सिद्ध होत. वरच्या पानाला चौकोनी खिडकी, तिच्यातून खालच्या चित्राचा तुकडा दिसे आणि वाचकाच्या मनात भलताच तर्क जागा होई. पान उलटले की शिवणयंत्र, भोपळा किंवा असेच काही निरुपद्रवी. हे चित्र भिंतीवर टांगता येत नाही, ते वाचकाच्या बोटांशिवाय पुरे होत नाही.

या छापील कामाची मूळ चित्रे कुठे गेली, हा प्रश्न विचारला की उत्तर थोडक्यात मिळते. ठोकळा करणाऱ्याकडे गेलेले चित्र परत आणायची पद्धत सर्रास नव्हती. मानधन छापण्याच्या हक्काचे की मूळ चित्राचे, हे कागदावर क्वचितच लिहिले जाई. कार्यालय बदलताना गठ्ठे रद्दीत गेले. चित्रकाराच्या सहीचे तैलचित्र लिलावात विकले जाते, त्याच पिढीतल्या कथाचित्रकाराची मूळ शाईची चित्रे कुटुंबाने सांभाळली असतील तरच सापडतात. फडणीसांनी ‘हसरी गॅलरी’ या नावाने आपल्या चित्रांची प्रदर्शने भरवली तेव्हा अंकात पाहिलेले चित्र मूळ आकारात पाहण्याची संधी लोकांना मिळाली, आणि दालनात एरवी न ऐकू येणारे हसू ऐकू आले. दलाल-मुळगावकरांच्या कामाची पुनर्मुद्रणे आणि प्रदर्शने नंतर झाली तीही मुख्यतः आप्तांच्या आणि चाहत्यांच्या खटपटीने.

आजचा मुखपृष्ठकार बहुतेक काम संगणकाच्या पडद्यावर करतो. त्यामुळे मूळ हरवण्याची भीती गेली, पण मूळ नावाची वस्तूही गेली. प्रदर्शन भरवायचे ठरले की तो आपल्याच फाइलवरून चांगल्या, आम्लरहित कागदावर मोजक्या प्रती छापून घेतो, प्रत्येकीच्या खाली पेन्सिलीने प्रतीचा क्रमांक आणि सही करतो, आणि ठरलेल्या संख्येपलीकडे प्रत काढणार नाही असे ग्राहकाला सांगतो. दालने अशा प्रती लावू लागली आहेत. त्यांची किंमत कशी ठरवायची याबद्दल मात्र चित्रकार, दालनवाले आणि ग्राहक यांचे अजून एकमत झालेले नाही.